काळा गुलाम : एकवीसच्या खेळाची जन्मकथा आणि बँकेचा नियम



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘पत्त्यांचा एक खेळ’ असे कळविले. चिटणिसांचा त्यावर प्रथम विश्वासच बसला नाही. कामगार संघटनेत तीस वर्षे घालविलेला माणूस बोनसविषयी बोलेल, महागाईभत्त्याविषयी बोलेल, फार तर नव्या कामगार कायद्यांविषयी चार कडक शब्द बोलेल, अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती रास्त होती. परंतु मी आज जे सांगणार आहे ते त्या विषयांपासून फार दूर आहे असे मला वाटत नाही. तसे ते आहे की नाही, याचा निवाडा शेवटी आपणच करावा.

मी शिकलेला माणूस नव्हे. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे जे काही वाचन झाले ते संघटनेच्या कचेरीतील कपाट, नगर वाचनालय आणि एक फाटका इंग्रजी-मराठी कोश यांच्या बळावर. या खेळाकडे मात्र मी पुस्तकातून गेलो नाही, खिशातून गेलो.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ज्या कारखान्यात मी नोकरीला होतो तेथे टाळेबंदी झाली होती. फाटकासमोर मांडव घालून आम्ही बसत असू. भाषणे किती ऐकणार आणि घोषणा किती देणार! दुपारी पत्ते निघत. झब्बू, मेंढीकोट यांचा कंटाळा आला की ‘एकवीस’ सुरू व्हावयाचे, आणि ते पैशांवर. आमच्यात एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. पत्त्यांचा कॅट त्यांचा, म्हणून बँकही त्यांची. बाकीचे आम्ही सात-आठ जण समोर बसून त्यांच्याविरुद्ध डाव लावीत असू. आईने किराण्यासाठी दिलेले तीनशे चाळीस रुपये मी तीन दुपारी मिळून त्या मांडवात घालविले. घरी खिसा कापला गेला म्हणून सांगितले. आईने ते ऐकून घेतले; पण तिने ज्या नजरेने पाहिले ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

चौथ्या दिवशी मी मामांना एकीकडे गाठले. म्हटले, “मामा, तुम्ही पाने लावता का? खरे सांगा.” मामा रागावले नाहीत. म्हणाले, “अरे, लावायची गरजच काय? तू खेळतोस, मी नुसता बसतो. चूक करायची पाळी तुझी आधी येते, माझी नंतर. एवढेच.”

त्या वेळी मला हे उत्तर उडवाउडवीचे वाटले. ते किती तंतोतंत खरे होते हे कळावयास मला बरीच वर्षे आणि बरीच पुस्तके लागली.

नायब आणि गुलाम

कागदाचे पत्ते प्रथम चीनमध्ये खेळले गेले. तेथून पश्चिमेकडे सरकत ते इराण आणि इजिप्तपर्यंत पोहोचले. इजिप्तमध्ये मामलूक सुलतानांचे राज्य असतानाचा एक सुंदर कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपून ठेवलेला आहे. त्यातील काही पाने हरवली आहेत, पण मूळची रचना स्पष्ट कळते: चार रंग, प्रत्येकी तेरा पाने, एकूण ५२. म्हणजे आपल्याच कॅटाचा आजोबा. त्यात प्रत्येक रंगाचा एक राजा, त्याच्याखाली त्याचा नायब आणि त्याच्याखाली दुय्यम नायब. आपल्या तहसील कचेरीत जे नायब तहसीलदार बसतात, त्यांच्या हुद्द्याचा हा शब्द. स्पॅनिश भाषेत पत्त्याला आजही ‘नायपे’ म्हणतात, आणि त्याचे मूळ याच अरबी शब्दात आहे असे अभ्यासक मानतात.

इसवी सन १३७० नंतरच्या दशकात पत्ते युरोपात शिरले आणि शिरल्याबरोबर त्यांच्यावर बंदीही आली. १३७७ साली फ्लॉरेन्स शहराने या नव्या खेळाविरुद्ध ठराव केल्याची नोंद आहे. आपल्याकडे मोगलांबरोबर गंजिफा आला, ९६ गोल पानांचा. पुढे त्याचा दशावतारी अवतार झाला, दहा अवतारांचे दहा रंग आणि पाने १२०. सावंतवाडीला ती पाने लाखेच्या रंगात आजही हाताने रंगविली जातात. इराणी दरबारापासून कोकणातल्या चिताऱ्यापर्यंत एका खेळाने केलेला हा प्रवास स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आपल्याला मात्र आज स्पेनकडे वळले पाहिजे.

आमच्या मांडवातील एकवीसचा सर्वांत जुना ठळक पुरावा एका कथेत सापडतो. ‘डॉन किहोते’चा कर्ता सर्व्हान्टिस याने १६१३ साली बोधकथांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात रिंकोनेते आणि कोर्तादियो या दोन उनाड पोरांची गोष्ट आहे. एकाचा बाप शिंपी. पोराने बापाची कात्री सोडून खिसेकापूची कात्री धरलेली. दुसऱ्याजवळ मळका, कडा झिजलेला पत्त्यांचा कॅट. वाटेवरच्या धर्मशाळांतून आणि खाणावळींतून त्या कॅटावर ‘वेंतिउना’ खेळून तो पोट भरतो. वेंतिउना म्हणजेच एकवीस. त्यात एक्क्याची किंमत एक धरावी किंवा अकरा धरावी असा उल्लेख आहे, आणि एक्का नेमका कोठे ठेवावा याची त्या पोराला असलेली जाणही आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच खेळ तयार होता, त्याचा मुख्य नियम तयार होता आणि त्यातली लबाडीही तयार होती!

पुढच्या शतकात हाच खेळ फ्रान्समध्ये ‘व्हँ-ते-उँ’ या नावाने मान्यता पावला. या शब्दाचा अर्थही एकवीसच. धर्मशाळेतला खेळ दिवाणखान्यात गेला. सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना नेपोलियन संध्याकाळी हा खेळ खेळत असे, असे त्याच्याबरोबरच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. ज्याने युरोपची वाटणी करून दिली तो शेवटी पत्त्यांची वाटणी करीत बसला होता.

येथे एक गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. दिवाणखान्यातील या खेळात बँक एकाची नसे. ज्याला पहिल्या दोन पानांतच एकवीस साधे, त्याच्याकडे पाने वाटण्याचा आणि बँक धरण्याचा मान जाई. बँकेत फायदा होता, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते. पण तो फायदा टेबलाभोवती फिरत राही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. सार्वजनिक जुगारघर आले आणि ही फिरती बँक एका जागी कायमची बसली. फ्रान्सने १८३७ च्या अखेरीस आपली जुगारघरे बंद केली, परंतु तोवर खेळ समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला होता. तेथे त्याला आजचे नाव मिळाले: ब्लॅकजॅक. मराठीत सांगावयाचे तर काळा गुलाम.

डावाची रीत

आता खेळ कसा चालतो ते पाहू. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पाच मिनिटे क्षमा करावी.

दुरीपासून दश्शीपर्यंत पानावर जो आकडा तीच त्याची किंमत. राजा, राणी आणि गुलाम या तिघांची किंमत सारखीच, दहा. जगात राजा आणि गुलाम यांची किंमत एक धरणारे जे थोडे व्यवहार आहेत त्यांत हा एक म्हणावा लागेल. एक्का आपल्या सोयीने एक किंवा अकरा. आणि ज्याचे नाव खेळाला दिले त्या काळ्या गुलामाला आजच्या खेळात कोणताही खास मान नाही. नाव गुलामाचे, सत्ता बँकेची.

टेबलाच्या एका बाजूला कॅसिनोचा नोकर उभा असतो. त्याला डीलर म्हणतात. दुसऱ्या बाजूला पाच-सात खेळाडू. प्रत्येक खेळाडूचा सामना डीलरशी. खेळाडूखेळाडूंत सामना नाही. प्रथम पैसे लावावयाचे. मग प्रत्येकाला दोन पाने मिळतात. डीलरही स्वतःला दोन घेतो, त्यांपैकी एक उघडे आणि एक झाकलेले. बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावयाची, पण एकवीस ओलांडावयाचे नाही. ओलांडले की बाद.

प्रथम खेळाडू ठरवितात. आणखी पान हवे असेल तर मागावे, नको असेल तर थांबावे. पहिल्या दोन पानांवर रक्कम दुप्पट करून एकच पान घेता येते. दोन सारखी पाने आली तर ती फोडून दोन वेगळे डाव करता येतात. सर्व खेळाडूंचे झाले म्हणजे डीलर आपले झाकलेले पान उघडतो. त्याला मात्र मर्जी नाही. बेरीज सोळा किंवा कमी असेल तर पान घेतलेच पाहिजे. सतरा झाली की थांबलेच पाहिजे. बेरीज सारखी आली तर खेळाडूला त्याची रक्कम परत मिळते. आमच्या मांडवात तीही मामाच घेत. त्या मानाने कॅसिनो उदार म्हणावयाचा.

पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाच्या किमतीचे पान आले तर तो ब्लॅकजॅक. त्याला जुन्या रिवाजाने दीडपट बक्षीस: दहा लावले असतील तर वर पंधरा.

ऐकताना हे सर्व न्याय्य वाटते. किंबहुना खेळाडूलाच सवलती अधिक आहेत असे वाटते. तो थांबू शकतो, दुप्पट करू शकतो, फोडू शकतो, दीडपट मिळवू शकतो. डीलर बिचारा नियमाने बांधलेला. मग बँक श्रीमंत कशी होते?

आधी कोणी मरायचे?

समजा, माझ्याकडे दश्शी आणि छक्की, बेरीज सोळा. डीलरचे उघडे पान राजा. सोळावर थांबलो तर तो सतराच्या पुढे जाऊन मला मारील अशी भीती, म्हणून मी पान मागितले. आली नव्वी. पंचवीस झाले, मी बाद. डीलरने तत्क्षणी माझे पैसे उचलले. मग त्याने आपले झाकलेले पान उघडले: पंजी. पंधरा झाले. नियमाने त्याने पान घेतले, अठ्ठी आली, तेवीस झाले. तोही बाद! आम्ही दोघेही एकवीसच्या पलीकडे गेलो. दोघांचा गुन्हा एकच. पण माझे पैसे परत आले काय? नाही. ते आधीच गेले.

बँकेचा सारा नफा या एका ठिकाणी आहे. ती फसवीत नाही, पाने लावीत नाही. ती फक्त नंतर खेळते. मामांनी मला फाटकासमोर सांगितले होते ते हेच.

याचा हिशेबही करून पाहता येतो. वरच्या नियमाने चालणारा डीलर शंभरातून सुमारे अठ्ठावीस वेळा बाद होतो. खेळाडूने डोळे मिटून डीलरचाच नियम पाळला, तर तोही तितक्याच वेळा बाद होणार. दोघे एकाच डावात बाद होण्याची पाळी शंभरात सुमारे आठ वेळा येते, आणि ते आठही डाव बँकेच्या घरात जातात. उलट बाजूला, पहिल्या दोन पानांत एकवीस सुमारे एकवीस डावांतून एकदा येते. त्याच्या दीडपटीचे जे वरचे अर्धे, त्यातून खेळाडूला शंभरामागे सव्वादोनच्या आसपास परत मिळतात. आठातून सव्वादोन वजा केले म्हणजे बँकेला उरले शंभरामागे सुमारे साडेपाच. डीलर बांधलेला आणि खेळाडू मोकळा असे जे दिसते, त्याच्या आत हा हिशेब आहे.

डीलरचे उघडे पान एक्का असेल तेव्हा कॅसिनो आणखी एक सवलत देऊ करतो. तिचे नाव विमा! डीलरकडे एकवीस निघाले तर विम्याच्या रकमेवर दुप्पट मिळेल, असे सांगतात. एका कॅटात हा एक्का सोडून ५१ पाने उरली. त्यांत दहाच्या किमतीची १६, इतर ३५. आपली पाने तूर्त बाजूस ठेवा. प्रत्येक वेळी एक रुपया याप्रमाणे ५१ वेळा विमा उतरविला, तर १६ वेळा दोन-दोन रुपये मिळून ३२ आले आणि ३५ गेले. तीन रुपये विमा कंपनीला. नाव धीराचे आहे, धंदा तोच आहे.

चार शिपाई आणि एक प्राध्यापक

हा खेळ दैवाचा नसून काही अंशी विचाराचा आहे, हे नीट सिद्ध केले ते अमेरिकन सैन्यातल्या चार तरुणांनी. रॉजर बॉल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅक्डरमॉट ही त्यांची नावे. मेरीलँड राज्यातील अबरदीन येथील लष्करी ठाण्यावर ते नोकरीस होते. त्यांच्यापाशी आजचा संगणक नव्हता; टेबलावरची बेरीज-वजाबाकीची यंत्रे होती. फावल्या वेळात आकडेमोड करून त्यांनी १९५६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. खेळाडूच्या हाती किती आणि डीलरचे उघडे पान कोणते, एवढे पाहून पान घ्यावे की थांबावे याचा तक्ता त्यांनी दिला. त्यातला एक मुद्दा सांगतो. डीलरचे उघडे पान चार, पाच किंवा सहा असेल तर तो बाद होण्याचा संभव मोठा. अशा वेळी तुमच्याकडे बारा-तेरा असले तरी थांबावे आणि त्यालाच मरू द्यावे. म्हणजे आधी मरण्याची सक्ती जेथे टाळता येते तेथे टाळावी. तक्त्याप्रमाणे वागले तर बँकेचा साडेपाचाचा हिस्सा एकाच्याही खाली, ०.६२ पर्यंत येतो असे त्यांनी दाखविले.

पुढचे पाऊल एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने टाकले. आय.बी.एम. ७०४ हे यंत्र वापरून त्याने हिशेब केला. गेलेली पाने परत येत नाहीत, म्हणून कॅटात मागे काय उरले आहे यावर पुढच्या डावाचे पारडे फिरते. एक्के आणि दशा उरल्या तर खेळाडूचे पारडे जड, पंज्या-छक्क्या उरल्या तर बँकेचे. गेलेली पाने मनात मोजीत राहावे आणि पारडे आपल्याकडे आले की रक्कम वाढवावी. १९६२ साली त्याचे ‘बीट द डीलर’ हे पुस्तक निघाले आणि खपले.

आता बँकेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९६४ च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी नियमच बदलले. दुप्पट करण्याच्या आणि एक्के फोडण्याच्या सवलती आखडल्या. परंतु गिऱ्हाईकच रोडावले, आणि काही आठवड्यांत जुने नियम परत आणावे लागले. सामान्य खेळाडूंनी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. ते नुसते टेबलापासून दूर राहिले. माझ्या व्यवसायातल्या माणसाला या प्रकाराचे नाव सांगावे लागत नाही.

मग बँकेने हळू चालीने काम सुरू केले. एका कॅटाऐवजी चार, सहा, आठ कॅट एकत्र पिसावयास घेतले. मोजणाऱ्यांना दाराबाहेर काढू लागले. न्यू जर्सीत केन उस्टन नावाच्या खेळाडूने त्याविरुद्ध फिर्याद केली आणि १९८२ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ डोके चालविले म्हणून कॅसिनोने माणसाला हाकलू नये. निकाल खेळाडूच्या बाजूने लागला. कॅटांची संख्या मात्र बँकेच्या हाती राहिली.

सर्वांत चलाख बदल या शतकाच्या आरंभी आला. ब्लॅकजॅकला जे दीडपट मिळे, ते पुष्कळ टेबलांवर ‘सहास पाच’ या दराने देऊ लागले. सहा हा आकडा मोठा, म्हणून नवख्याला ते चांगलेच वाटते. पण दहा लावले तर पूर्वी वर पंधरा मिळत, आता बारा. एकवीस डावांतून एकदा तीन रुपये कमी. म्हणजे लावलेल्या दर शंभरामागे बँकेचा हिस्सा सुमारे एक रुपया चाळीस पैशांनी वाढला. एका ओळीच्या बदलाने अबरदीनच्या चार तरुणांच्या मेहनतीचा काही भाग बँकेने भरून काढला. शिवाय पाने पिसणारी यंत्रे आली, त्यामुळे तासाला डाव वाढले. शंभर रुपयांचे साठ डाव झाले तर सहा हजारांची उलाढाल होते. बँकेचा हिस्सा शेकडा दोन धरला तर एकशेवीस रुपये. डाव ऐंशी केले की एकशेसाठ. दर न बदलता वसुली वाढते. दोन मागांऐवजी चार माग ज्यांना चालवावयास लावले, त्यांना हे गणित फळ्यावर मांडून दाखवावे लागणार नाही.

टेबलाच्या पलीकडचा माणूस

आतापर्यंत मी बँक बँक म्हणत आलो. परंतु टेबलाच्या पलीकडे जो उभा असतो तो बँक नसतो. तो आठ तास उभा राहणारा पगारदार असतो. त्याच्या मर्जीला जागा नाही. सोळावर घे, सतरावर थांब.

ज्या शहरात हा खेळ उद्योग बनला त्याचा इतिहासच मुळी कामगारांपासून सुरू होतो. महामंदीच्या काळात, १९ मार्च १९३१ रोजी, अमेरिकेतील नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला. त्याच साली लास व्हेगासजवळ कोलोरॅडो नदीवर प्रचंड धरणाचे काम सुरू झाले, पुढे त्याचे नाव हूवर धरण झाले. बोगद्यांतील काही मजुरांचे वेतन कापल्यामुळे ऑगस्ट १९३१ मध्ये तेथे संप झाला. बाहेर बेकारांची रांग उभी होती, संप मोडला. कामाच्या भरात धरणावर पाच हजारांवर माणसे होती. त्यांच्यासाठी वसविलेल्या सरकारी वसाहतीत दारूला आणि जुगाराला बंदी. म्हणून पगाराच्या दिवशी माणसे लास व्हेगासला जात. दिवसा बोगद्यात कमावलेले रात्री टेबलावर. एका हाताने कापलेले वेतन दुसऱ्या हाताने पुन्हा कापले गेले.

त्याच शहरात दुसराही इतिहास घडला. कृष्णवर्णीय माणसे तेथील कॅसिनोत नाचत, गात, भांडी घासत; टेबलाशी मात्र त्यांना बसू देत नसत. गोरे-काळे एकत्र बसतील असे मुलाँ रूज हे पहिले कॅसिनो १९५५ साली निघाले आणि काही महिन्यांतच बंद पडले. पुढे कृष्णवर्णीयांच्या संघटनेने मोर्चाचा इशारा दिला तेव्हा मार्च १९६० मध्ये मोठ्या कॅसिनोंनी भेदभाव सोडण्याचे मान्य केले. ती बैठक त्या बंद पडलेल्या मुलाँ रूजमध्येच झाली.

आणि फ्रंटियर! २१ सप्टेंबर १९९१ रोजी लास व्हेगासच्या फ्रंटियर या हॉटेल-कॅसिनोतील सुमारे साडेपाचशे कामगार संपावर गेले. स्वयंपाकी, वाढपी, खोल्या झाडणाऱ्या बाया. उन्हाळ्यात चटके देणाऱ्या त्या वाळवंटी शहरात त्यांनी दिवसरात्र पहारा दिला. संप चालला सहा वर्षे, चार महिने आणि दहा दिवस. १९९८ च्या आरंभी मालकी बदलली, करार झाला आणि कामगार परत गेले. तोवर एकही संपवाला फुटून आत गेला नाही. काही संपवाले वारले, पुष्कळांच्या घरी मुले जन्मली. मी ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला आमचा तो मांडव आठवला आणि मामांपुढे बसलेला मीही आठवलो. त्या लोकांनी सहा वर्षे काढली. मला तीन दुपारी काढता आल्या नाहीत.

डीलरांची संघटना व्हावयास आणखी काळ लागला. त्यांची मोठी मिळकत बक्षिसीची. २००६ साली तेथल्या विन कॅसिनोने त्या बक्षिसीत वरच्या देखरेखवाल्यांनाही वाटेकरी केले. डीलर चिडले आणि २००७ साली मतदान करून त्यांनी वाहतूक कामगारांच्या युनियनला आपले प्रतिनिधी नेमले. करार हाती पडावयास २०१० उजाडले. बँकेच्या बाजूला उभा असलेला माणूसही बँकेपुढे खेळाडूच असतो.

आपल्या इकडचे थोडक्यात सांगतो. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी आणि १९९६ साली जहाजांवरील पत्त्यांच्या टेबलांसाठी वाट करून दिली. आज मांडवीच्या पात्रात दिव्यांनी लखलखलेल्या बोटी दिसतात, त्यांत हा काळा गुलाम आहे. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता; तो कधी अंमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. कायदे होतात, व्हावेत. पण कायदा दार बंद करतो, हिशेब शिकवीत नाही. तो आपला आपणच शिकावा लागतो.

मामांचा धडा

शेवटी मांडवाकडे परत येतो. काही आठवड्यांनी टाळेबंदी उठण्याची बोलणी सुरू झाली. व्यवस्थापनाने करारनाम्याचा मसुदा पाठविला. रोजी वाढलेली दिसत होती. मांडवात आनंद झाला, कोणी पेढे आणावयासही निघाले. त्या दिवशी मामांच्या शेजारी मी मसुदा घेऊन बसलो होतो. मामांना इंग्रजी येत नव्हते, मला मोडकेतोडके येत होते. ते म्हणाले, “बाळ, रोजी किती वाढली ते मला सांगू नकोस. आधी आम्ही काय द्यायचे आणि त्यांनी कधी द्यायचे, ते वाच.”

वाचले. नगांची संख्या आधी वाढवावयाची होती, त्याच महिन्यापासून. वाढीव रोजी मिळणार होती ती ‘उत्पादनाचा आढावा घेतल्यानंतर’. आढावा कोण घेणार? व्यवस्थापन. कधी? तारीख नव्हती. म्हणजे आम्ही आधी खेळावयाचे, आणि बाद झालो की त्यांनी आपले पान उघडावयाचे. आम्ही मसुदा परत पाठविला. आणखी अकरा दिवस बसलो आणि दोन्ही गोष्टींना एकच तारीख घालून घेतली. त्या अकरा दिवसांत मांडवात पत्ते निघाले नाहीत.

मामांनी माझे तीनशे चाळीस रुपये परत केले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत. त्यानंतर मी एकवीस खेळलो नाही. पण वाटाघाटीला बसताना दर वेळी मी पहिल्यांदा हेच पाहतो की आधी पान कोणी घ्यावयाचे आहे. आईला खरी गोष्ट सांगितली ती करारावर सह्या झाल्या त्या रात्री. ती म्हणाली, “मला त्याच दिवशी कळलं होतं. खिसा कापला असता तर तू आरडाओरडा केला असतास.”